पुस्तकापुढे चाळीस मिनिटं बसूनही एक पान डोक्यात शिरत नाही: हे एडीएचडी आहे का?

विचारणारी मुलगी परभणी जिल्ह्यातली आहे. अकरावी-बारावी लातूरला झाली, बारावीला ९१ टक्के पडले. आता छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि दोन विषय राहिलेत. ती लिहिते की पुस्तकाचं एक पान वाचायला चाळीस मिनिटं जातात आणि शेवटी काय वाचलं ते सांगता येत नाही. लातूरला असा त्रास नव्हता. इंटरनेटवरच्या चाचणीत एडीएचडीकडे, म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलता आणि उतावीळपणा यांच्या लहानपणापासून असणाऱ्या विकाराकडे, झुकणारे गुण आले. मैत्रिणीच्या ओळखीतून 'एकाग्रतेची गोळी' मिळू शकते. शेवटी विचारलंय, "मला एडीएचडी आहे की मी आळशी झालेय? गोळी घेऊन बघू का?"

गोळीचं आधी सांगतो: ओळखीतून आलेली घेऊ नका. कारणं खाली देतो. आळसाचंही आत्ताच बाजूला ठेवू. ज्याला करायचंच नसतं, तो चाळीस मिनिटं एका पानाशी झगडत बसत नाही. कमी दाबाच्या विजेवर विहिरीवरची मोटार गुणगुणते, तापते, पण पाणी वर येत नाही. तुमचं सध्या तसं चाललंय. कष्ट होताहेत, त्यातून हाती काही येत नाही. म्हणून "लक्ष कसं वाढवू" या प्रश्नाआधी कष्ट नेमके कुठे वाया जाताहेत ते शोधायला हवं.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे: लातूरला त्रास नव्हता. तिथला दिवस आठवून बघा. कधी उठायचं, कोणत्या क्लासला कधी बसायचं, कोणता धडा कधी संपवायचा हे सगळं दुसऱ्याने ठरवलेलं. चाचण्या सतत, निकाल लगेच, मागे पडलात की घरी फोन. शेजारी बसलेली प्रत्येक मुलगी तेच पान वाचत असायची. म्हणजे काम सुरू करणं, वेळ मोजणं, चुकलं की परत जागेवर येणं हे मेंदूचं निम्मं काम बाहेरची व्यवस्था करत होती. विद्यापीठात हे एका दिवसात संपतं. परीक्षा चार महिन्यांवर, हजेरीवर कुणाचं फारसं लक्ष नाही, रूमवर कधी झोपायचं हे विचारायला कुणी नाही. ज्यांच्या मेंदूला एडीएचडी आहे पण हुशारी आणि शिस्तीखाली तो झाकला गेला होता, त्यांचा त्रास नेमका इथे उघडा पडतो. मुलींमध्ये हे जास्त दिसतं, कारण त्या वर्गात उड्या मारत नाहीत. खिडकीबाहेर बघत शांत बसतात आणि कुणाच्या नजरेत येत नाहीत. पण आधार निघाल्यावर कोणताही धडधाकट विद्यार्थीही काही महिने गडबडतो. या दोन्हींत फरक कसा करायचा, हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मला इथे बसून देता येणार नाही. कसं शोधायचं ते सांगता येईल.

निदानाचे निकष ठरलेले आहेत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या पाचव्या नियमावलीत १८ लक्षणं दिली आहेत: ९ लक्ष न लागण्याची, ९ अतिचंचलता आणि उतावीळपणाची. १७ किंवा त्याहून जास्त वयाच्या व्यक्तीत एका गटातली किमान ५ लागतात, तीही किमान सहा महिने. त्यातली काही १२ वर्षांच्या आधीपासून असायला हवीत, एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हवीत, त्यांनी शिक्षणात किंवा व्यवहारात खरं नुकसान केलेलं असायला हवं, आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने ती जास्त नीट समजावता येऊ नयेत. तुम्ही भरलेली चाचणी बहुधा जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली असेल. तिच्या पहिल्या सहा प्रश्नांपैकी चार ठरलेल्या पट्ट्यात आले की 'तपासणी करून घ्या' एवढाच तिचा अर्थ. ती गेल्या सहा महिन्यांबद्दल विचारते, बालपणाबद्दल विचारत नाही. सतत कमी झोपणाऱ्या माणसालाही तिच्यात भरपूर गुण पडू शकतात.

म्हणून पहिलं काम बालपणाचं. जिल्हा परिषदेच्या शाळेची प्रगतिपुस्तकं घरी पेटीत असतील तर मागवा आणि शेरे वाचा. 'हुशार आहे पण लक्ष देत नाही', 'वह्या अपूर्ण', 'घाई करते' असे शेरे दोन-तीन इयत्तांत आले असतील तर ते मोलाचे आहेत. आईला थेट "मला एडीएचडी होता का" असं विचारू नका, ती "छे, तू तर शहाणी होतीस" म्हणेल. बारीकसारीक विचारा. कंपास, डबा, पाण्याची बाटली किती वेळा हरवायची? दुकानातून तीन वस्तू आणायला सांगितल्या तर किती यायच्या? गृहपाठाला कुणी शेजारी बसावं लागायचं का? हाक मारली तर ऐकू यायची का? मोठा भाऊ-बहीण असेल तर त्यांनाही विचारा, आईला न आठवणारं काही त्यांना आठवू शकतं. चांगल्या गुणांवरून काहीच ठरवू नका. पाचवी-सातवीचा अभ्यास हुशार मुलाला लक्ष न देताही जमतो.

दुसरं, अभ्यासाबाहेर बघा. शिष्यवृत्तीचा महाडीबीटीचा अर्ज मुदतीत भरला का? परीक्षेच्या फॉर्मला दरवेळी विलंब शुल्क बसतं का? ओळखपत्र, चार्जर, खोलीची किल्ली? कुणी बोलत असताना मध्येच तुटून जाता का? आवडीच्या गोष्टीत तीन तास हरवून जाता म्हणून एडीएचडी नाही, असं मात्र समजू नका. लक्ष असतंच, ते हवं तिथे वळवता येत नाही. आणि एक दिवस सहा तास अभ्यास, पुढचे चार दिवस शून्य, असा चढउतार या मेंदूची ठळक खूण आहे.

तिसरं, जे एडीएचडीसारखं दिसतं पण नसतं ते तपासा. इथे घाई करू नका, कारण बऱ्याच विद्यार्थ्यांचं उत्तर इथे निघतं, आणि ज्यांना एडीएचडी आहे त्यांचाही काही त्रास इथलाच असू शकतो.

झोप सगळ्यात आधी. या वयाला ७ ते ९ तास लागतात. रूमवर दोनला झोपून सातला उठणाऱ्या मुलांची स्मृती आणि लक्ष दोन्ही घसरतात, आणि हळूहळू त्यांना ते जाणवेनासंही होतं. त्यानंतर रक्त. मेसचं जेवण, सकाळचा नाश्ता टाळलेला, पाळीत जास्त रक्तस्राव: मुलींमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली असणं आपल्याकडे फार सर्रास आहे. शाकाहारी असाल तर बी-१२ बघाच. सोबत थायरॉईडची टीएसएच. या तपासण्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी लिहून दिल्या की होतात. मग मन. त्रास ठरावीक महिन्यापासून सुरू झाला असेल, आवडीचं काहीच आवडेनासं झालं असेल, भूक बदलली असेल, तर नैराश्याचा विचार आधी करावा लागतो. डोक्यात सतत 'नापास झाले तर', 'घरच्यांचं कर्ज' असं फिरत असेल तर चिंतेने जागा व्यापलेली असते, अभ्यासाला उरतच नाही. जगणं नकोसं वाटण्याचे विचार येत असतील तर पुढचं काही वाचत बसू नका. आजच कुणाला तरी सोबत घेऊन दवाखाना गाठा किंवा १४४१६ वर फोन करा. ती टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं.

एक कारण मराठवाड्यातल्या मुलांच्या बाबतीत हमखास राहून जातं, ते म्हणजे भाषा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग एकदम इंग्रजी ग्रंथ. वाचताना आपण मनात एका वेळी चार-पाच गोष्टीच धरून ठेवू शकतो. त्यातल्या दोन जागा अनोळखी शब्दांनी आणि लांबलचक इंग्रजी वाक्याने अडवल्या, तर मुद्द्याला जागा राहत नाही आणि माणूस तीच ओळ परत वाचतो. हे घरीच तपासता येतं. सकाळी ताजेतवाने असताना मराठीतला माहितीपर लेख दहा मिनिटं वाचा, पुस्तक मिटा, आठवेल ते लिहा. मग तेवढाच वेळ तुमच्या विषयाचं इंग्रजी पुस्तक. तीन-चार दिवस करा. मराठी नीट उतरतंय आणि इंग्रजी नाही, तर दोष बराचसा भाषेचा किंवा कच्च्या पायाचा आहे. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक धड्याचे वीस-पंचवीस पारिभाषिक शब्द आधी मराठीत समजून घेणं. दोन्हीकडे तिसऱ्या मिनिटाला मन निघून जात असेल, तर एडीएचडीची तपासणी करून घ्यायला बळकट कारण आहे.

या सगळ्याला दोन आठवडे द्या आणि शंभर पानी वहीत रोज चारच नोंदी करा: झोपल्याची-उठल्याची वेळ, अभ्यास सुरू करायची ठरवलेली वेळ, प्रत्यक्ष सुरू झालेली वेळ, आणि पहिल्यांदा मन भरकटेपर्यंत गेलेली मिनिटं. मोबाइलमध्ये लिहू नका, लिहायला उघडाल आणि तिथेच राहाल. डॉक्टरांना ही वही कुठल्याही ऑनलाइन गुणांपेक्षा जास्त सांगते.

आता कष्टाचं. एखादं काम हाती घ्यायचं की नाही हे मेंदू श्रम आणि फळ तोलून ठरवतो. एडीएचडीत लांबच्या फळाचं वजन फारच कमी पडतं. चार महिन्यांनंतरचा पेपर जवळपास शून्य, उद्याचा पेपर डोंगराएवढा. म्हणून आदल्या रात्री अभ्यास होतो आणि आधी होत नाही. त्यात तात्पुरती स्मृती गळकी असल्याने वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात निसटते. यावर निर्धार वाढवून उपयोग होत नाही, कारण निर्धारही त्याच मेंदूला करायचा असतो. लातूरने जे बाहेरून पुरवलं होतं, ते आता स्वतः बाहेर उभं करायचं. निदान काहीही निघो, पुढचे उपाय नुकसान करत नाहीत, म्हणून आजपासून करा.

सगळ्यात जड असते सुरुवात, तेव्हा ती हास्यास्पद वाटावी इतकी छोटी करा. 'थर्मोडायनॅमिक्स करायचं' ही सुरुवात होत नाही. 'मेसवरून आले की टेबलावरच्या कागदावर एक गणित उतरवून काढायचं' ही होते. तो कागद आणि पेन जेवायला जाण्याआधीच मांडून ठेवायचं. मग वेळेचा तुकडा. पंचवीस मिनिटांचा नियम सगळे सांगतात, पण तुमची वही म्हणत असेल की मन बाराव्या मिनिटाला सुटतं, तर घड्याळ पंधरावर लावा. मग तीन मिनिटं उभं राहून पाणी पिणं, गच्चीत जाऊन येणं. असे चार तुकडे झाले की वीस मिनिटं सुट्टी. जमलं तर दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. ही पद्धत मोडते ती विश्रांतीत: तीन मिनिटांसाठी रील उघडली की चाळीस मिनिटं जातात. म्हणून मोबाइल टेबलावर पालथा ठेवून चालणार नाही, तो दुसऱ्या खोलीत किंवा अभ्यासिकेच्या काउंटरवर द्या. गजरासाठी दीडशे-दोनशे रुपयांचं साधं घड्याळ घ्या.

मध्येच 'बहिणीला फोन करायचाय', 'फॉर्मची तारीख बघायचीय' असं काही आठवतं. ते खरंच महत्त्वाचं वाटतं, म्हणून दाबता येत नाही. शेजारी एक चिठ्ठी ठेवा, दोन शब्दांत लिहा, परत ओळीवर या. तुकडा संपल्यावर चिठ्ठी बघा, तोवर त्यातलं निम्मं बिनकामाचं वाटतं. प्रौढांच्या एडीएचडीसाठी जी वर्तनोपचार पद्धत वापरतात, तिच्यातला हा नेहमीचा भाग आहे.

वाचन उलटं करा. आधी जुन्या प्रश्नपत्रिका, त्या युनिटचे तीन प्रश्न वहीत, मग त्यांची उत्तरं शोधायला पुस्तक. खालच्या ओळी कोऱ्या कागदाने झाका. परिच्छेद संपला की पुस्तक न बघता पाच-सहा शब्दांत लिहा. जमलं नाही तर तोच परिच्छेद एकदाच परत, तरी नाही तर समासात खूण करून पुढे. एका पानावर चाळीस मिनिटं जातात ती याच अडलेल्या जागी.

सोबत शोधा. औरंगपुरा, उस्मानपुऱ्याकडच्या अभ्यासिकांत एमपीएससीची मुलं तासन्‌तास बसतात, त्यामागे शेजारच्या खुर्चीचा वाटा मोठा आहे. एक मैत्रीण पुरे. बसताना एकमेकींना एक वाक्य सांगायचं, 'दोन गणितं', आणि उठताना वही दाखवायची. गप्पा मारणारी मैत्रीण मात्र यासाठी निवडू नका. उन्हाळी परीक्षांच्या दिवसांत पारा ४० च्या पुढे असतो आणि वीज जाते. दुपारी पत्र्याच्या खोलीत एकाग्रता शोधण्यात अर्थ नाही. सकाळी सहा ते दहा जड विषय, दुपारी जर्नल लिहिणं, आकृत्या. अभ्यासाआधी वीस-तीस मिनिटं भरभर चालणं त्या पुढच्या तासाला मदत करतं. चहा-कॉफी दुपारी चारनंतर बंद. स्मरणशक्तीची सिरप आणि मेंदूचे मोबाइल गेम यांवर पैसे घालवू नका. गेम खेळून गेमच सुधारतो.

तारखांसाठी भिंतीवर मोठं कॅलेंडर. परीक्षा फॉर्म, इंटर्नल, सबमिशन, प्रत्येकाची खरी तारीख निळ्याने आणि तीन दिवस आधीची लालने लिहा, आणि पाळायची ती लाल. कामाला लागेल वाटतो त्याच्या दीडपट वेळ धरा.

एवढं करून दोन-तीन आठवड्यांत बराच फरक पडला, तर आधार निघाल्याचा त्रास होता, आणि आधार तुम्ही परत उभा केलात. झोप, रक्त, मन सगळं ठीक असून, हे मनापासून करूनही गाडी अडतेय आणि बालपणाच्या खुणा सापडल्या आहेत, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. संभाजीनगरला घाटी, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, आहे. नांदेड, लातूर, अंबाजोगाई इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतही मानसोपचार विभाग आहेत. एडीएचडीसाठी रक्ताची तपासणी किंवा मेंदूचा स्कॅन लागत नाही. तुम्हाला आणि शक्य तर घरच्यांना सविस्तर विचारूनच निदान होतं. आई फोनवर बोलली तरी चालतं. पाच मिनिटांत निदान आणि चिठ्ठी मिळाली तर दुसरं मत घ्या. तुम्ही सज्ञान आहात आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गोपनीय आहे. कॉलेजला ती कुणी परस्पर कळवू शकत नाही.

आता गोळीची कारणं. आपल्याकडे मुख्यतः दोन औषधं वापरली जातात. मिथाइलफेनिडेट त्याच दिवशी काम करतं. साधी गोळी तीन-चार तास, सावकाश विरघळणारी त्याहून जास्त. ॲटोमॉक्सेटिन रोज घ्यावं लागतं आणि त्याचा पुरेसा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात. दोन्हींत नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो, भूक मरते. मिथाइलफेनिडेट उशिरा घेतलं तर झोप उडते. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार असेल, स्वतःला कधी उन्मादाचा किंवा भ्रमाचा झटका आला असेल, तर ते धोक्याचं ठरू शकतं. म्हणून डॉक्टर आधी रक्तदाब, नाडी, वजन बघतात, लहान मात्रेने सुरू करतात आणि बघत बघत वाढवतात. मैत्रिणीची गोळी यातलं काहीच बघत नाही. शिवाय मिथाइलफेनिडेट अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत येतं, चिठ्ठीशिवाय देणं-घेणं गुन्हा आहे.

आणि गरज नसताना घेतली तर? २०२३ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी निरोगी तरुणांना अशी औषधं देऊन अवघड कोडी सोडवायला दिली. त्यांनी जास्त वेळ घालवला, जास्त खटपट केली, पण खटपटीचा दर्जा घसरला. म्हणजे मेहनत केल्यासारखं वाटतं, उत्तर चांगलं येत नाही. ज्यांना खरंच एडीएचडी आहे त्यांना मात्र योग्य मात्रेत औषध खूप मदत करतं. त्यांनी केवळ 'सवय लागेल' या भीतीने ते टाळू नये. औषधाने सुरुवातीचा जडपणा कमी होतो, काय वाचायचं ते औषध ठरवत नाही. म्हणून वरचा सगळा बंदोबस्त औषधासोबतही चालू ठेवावा लागतो. सुरू झालं तर भूक मरण्याआधी, म्हणजे सकाळी पोटभर खाऊन घ्या. तालुक्याच्या मेडिकलमध्ये ही औषधं सहसा मिळत नाहीत, सुट्टीत गावी जाताना पुरेशी घेऊन जा आणि चिठ्ठी जवळ ठेवा.

सवलतींबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण लोक विचारतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी वेगळा नाही. त्यामुळे नुसत्या एडीएचडीच्या दाखल्यावर जादा वेळ मिळेल असं धरून चालू नका. लहानपणापासून वाचनात अक्षरं अडखळत असतील, शुद्धलेखन कायम कच्चं असेल, तर डॉक्टरांना अध्ययन अक्षमतेची चाचणीही करायला सांगा. ती निघाली तर सवलतीचा मार्ग खुला होतो.

राहिला प्रश्न दोन विषयांचा. दोन्ही एकदम धरू नका. ज्याच्या जुन्या प्रश्नपत्रिकांत तेच तेच प्रश्न फिरून येतात तो आधी घ्या, रोज सकाळचे पहिले दोन तुकडे त्याला. दुसऱ्याला आठवड्यातून दोन दिवस. पेपरमध्ये शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा आणि फक्त तीनच गोष्टी बघा: एकक लिहिलं का, उपप्रश्न सुटला का, प्रश्नाचा क्रमांक बरोबर टाकला का.